चौथी रेघ

"सर, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता."

हेडफोनमधून सृष्टीचं हे वाक्य आलं तेव्हा नृसिंहरावांच्या अंगठ्याखाली बटन दाबलेलंच होतं. सावेडीतल्या कानाच्या दवाखान्यातली ती खोली म्हणजे आतून गादी लावलेलं एक कपाटच होतं. दार लागलं की रस्त्यावरचे हॉर्न, बाहेर बसलेल्या पेशंटांच्या गप्पा, सगळं कापून टाकल्यासारखं थांबायचं आणि स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं. काचेपलीकडे बसून सृष्टी यंत्राची खुंटी फिरवत होती. आवाज आला की बटन दाबायचं, कितीही बारीक असला तरी दाबायचं, एवढंच काम. पहिला सूर सहज ऐकू आला. दुसरा बारीक. तिसरा त्याहून बारीक, पण आला. मग थोडं थांबून चौथा. त्यांनी दाबलं.

"मला आला," ते म्हणाले. "फार बारीक होता, पण आला."

सृष्टी हसली. ती त्यांच्याच शाळेतली, त्यांच्या विज्ञानाच्या वर्गातली. "सर, आठवीत तुम्ही मला उभं केलं होतं, प्रश्न विचारायच्या आधीच हात वर करते म्हणून. आज मी तुम्हाला उभं करू का?" तेही हसले. "होतं असं बऱ्याच जणांचं," ती समजुतीने म्हणाली. "सुरांची लय लक्षात येते आणि कान पुढचा सूर स्वतःच वाजवून घेतो. म्हणून तर आम्ही मध्येच एखादी जागा रिकामी सोडतो." मग तिने आलेखाचा कागद दाखवला. रेषा डावीकडून बरी सुरू होऊन उजवीकडे उतरत गेली होती, जिन्यावरून कुणी जपून उतरावं तशी. "वरती हे शून्य डेसिबल आहे ना, सर, शून्य म्हणजे आवाज नाही असं नव्हे..." आणि तिने जीभ चावली. "तुम्हाला काय सांगत बसलेय मी!"

रिक्षा किल्ल्याच्या बाजूने भिंगारकडे निघाली तेव्हा कागद त्यांच्या खिशात होता आणि अंगठा अजून काहीतरी दाबत असल्यासारखा आखडला होता. कान कमी झाल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. साठी उलटून गेली, व्हायचंच. पण तो चौथा सूर त्यांनी ऐकला होता. ऐकल्यासारखा वाटला असं नव्हे. तो कुठून आला, किती वेळ राहिला, कसा विरला, हे ते सांगू शकले असते. रिक्षावाला आरशातून काहीतरी विचारत होता, लष्कराचा एक ट्रक पुढे आडवा आला होता, आणि नृसिंहरावांच्या मनात एकच गोष्ट हळूहळू वर येत होती, विहिरीत पडलेली कळशी गळाला लागून वर यावी तशी. सूर चौथाच होता. रोजही चौथाच असतो.

रोज म्हणजे मनवाचं बीकन. मनवा ही त्यांची एकुलती एक मुलगी, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका गावात विज्ञान शिकवायची. बापाकडून तिने दोन गोष्टी घेतल्या होत्या, खडू धरायची पद्धत आणि हौशी रेडिओचं वेड. दोघांनी परीक्षा दिली, दोघांनाही परवाना मिळाला. ती जिथे भाड्याने राहत होती त्या रंगनाथच्या घराच्या गच्चीवर तिने एक डबा बसवला. एक लहानसं सोलर पॅनेल, एक बॅटरी, दोन बांबूंमध्ये ताणलेली तार. बीकन कुणाशी बोलत नाही. ते ठरलेल्या वेळाने आपलं नाव टिंब-रेघांच्या भाषेत सांगतं, म्हणजे 'मी इथे आहे' एवढंच, आणि पुन्हा गप्प बसतं. ज्याला ऐकू येईल त्याने समजून घ्यावं की मधली हवा आज कशी आहे. मनवाचं बीकन नावानंतर लांब रेघा सोडायचं. पहिली रेघ एका वॉटची, विजेरीच्या बारक्या दिव्याला पुरेल इतक्याच शक्तीची. दुसरी तिच्या दहाव्या हिश्शाची. तिसरी त्याच्याही दहाव्या. चौथी आणखी दहाव्या. प्रत्येक पायरी दहा डेसिबल खाली. बिंदीएवढ्या शक्तीची ती रेघ डोंगर ओलांडून, संगमनेर, राहुरी मागे टाकून भिंगारच्या एका खोलीतल्या जुन्या रिसीव्हरपर्यंत येते, याचं त्यांना पहिल्या दिवशी जे नवल वाटलं ते पुढे कधीच कमी झालं नाही.

दहा डेसिबल म्हणजे काय, हे ते मुलांना मैदानावर नेऊन शिकवायचे. शंभर मुलं उभी करून प्रार्थना म्हणायला लावायची. मग नव्वद जणांनी गप्प बसायचं. "आवाज किती कमी झाला?" विचारलं की कट्ट्यावर बसवलेले परीक्षक एकमुखाने म्हणायचे, "अर्धा, सर!" मग उरलेल्या दहांतले नऊ गप्प. पुन्हा तेच उत्तर, "आणखी अर्धा." तेव्हा ते फळ्याऐवजी मातीत काठीने लिहून दाखवायचे. "अर्धा नव्हे रे, दहातले नऊ गेले. गेलं खूप, आणि वाटतं थोडंच. कान असाच आहे. तो फार मोठी वजाबाकी थोडीशी करून सांगतो. नाहीतर ढगांच्या गडगडाटाने माणूस वेडा झाला असता." एकदा छगन नावाच्या मुलाने विचारलं होतं, "सर, आता एकटा ज्ञानदेवच म्हणतोय. त्याच्यापण खाली दहा डेसिबल गेलं तर कोण म्हणणार?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "मनातल्या मनात म्हणणारा!" सगळं मैदान हसलं. मनवा त्या वर्षी सातवीत होती, कट्ट्यावर परीक्षक म्हणून बसलेली, आणि हसताना तिची वेणी पुढे आली होती. ती वेणी मागे टाकण्याची तिची लकब त्यांना आत्ता इतकी स्पष्ट दिसली की रिक्षा थांबलेली त्यांना कळलीच नाही. "काका, भिंगार आलं," रिक्षावाला म्हणाला. बहुधा दुसऱ्यांदा.

मनवाला जाऊन वर्ष होत आलं होतं. डबा मात्र गच्चीवर चालू होता. रंगनाथ पॅनेलवरची धूळ पुसायचा, सणावाराला फोन करून सांगायचा, "ताईचं यंत्र चालू हाय, सर." संध्याकाळच्या चहाआधी नृसिंहराव रिसीव्हरसमोर बसायचे. पहिली रेघ आली की काटा हलायचा. दुसरीला जेमतेम हलायचा. तिसरीला काटा झोपूनच, फक्त खरखरीत एक बारीक सुई. आणि चौथी खरखरीच्याही खाली, असून नसल्यासारखी, पण असायचीच. तिच्यासाठी ते डोळे मिटायचे. शोभा, त्यांची पत्नी, स्वयंपाकघरातून विचारायची, "आल्या का?" आणि ते म्हणायचे, "चार." मग ती आधण ठेवायची. मुलगी गेल्यानंतर त्या घरात जे काही सावरलं गेलं ते त्या 'चार'वर सावरलं गेलं होतं. चौथी ऐकू येतेय तोवर फार काही गेलेलं नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण रोज मानलं होतं.

त्या संध्याकाळी ते बसले. एक, दोन, तीन. त्यांनी डोळे मिटले नाहीत. खरखर होती. खरखरीत काहीतरी होतं किंवा नव्हतं. लक्ष जरा ढिलं सोडलं की ते यायचं, घट्ट धरलं की जायचं. शोभाने आतून विचारलं, "आल्या का?" ती दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक. "अहो, आल्या का?" तेवढ्यात फोन वाजला, आणि तो रंगनाथचा निघाला, म्हणून ते सुटले.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," रंगनाथ म्हणाला. "वरती दोन खोल्या काढतूय. उद्या परवा मिस्तरी येतोय. ताईची पेटी हाय तशी ऱ्हायची न्हाई. तुमी येऊन बगता का? आमी हात लावला आन् बिगडली म्हंजी?"

"येतो," ते म्हणाले. "रंगनाथ, चालू आहे ना ती? सगळी?"

"दिवा लागतुया की. सगळी म्हंजी?"

सगळी म्हणजे काय हे त्याला कसं सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते निघाले. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, तारांचे सांधे डागायची सोल्डरची बंदूक, आणि तळहातावर मावेल असा छोटा रिसीव्हर. खिडकीची काच कडकड वाजत होती आणि ते मनाशी एकच गणित करत होते. चौथी बंद पडली असेल, तर ती कधी पडली? पावसात एखादा सांधा सुटला असेल. तसं असेल तर अलीकडचे काही महिने त्यांनी नसलेलं ऐकलं, एवढंच. ते चालण्यासारखं होतं. सांधा जोडता येतो. ती सुटलेली रेघ पुन्हा जोडायची, रंगनाथला सांगून डबा दुसरीकडे हलवायचा, आणि रोजचे चार पुन्हा खरे करायचे. अकोल्याच्या पुढे रस्ता वळणं घ्यायला लागला, भातखाचरांची पायरी-पायरीची शेतं दिसू लागली, प्रत्येक खाचर वरच्यापेक्षा थोडं खाली. मनवा पहिल्यांदा इथे आली तेव्हा फोनवर म्हणाली होती, "बाबा, इथे सगळं डेसिबलमध्येच आहे."

रोज शाळा सुटली की ती फोन करायची. बीकनची फेरी चालू असतानाच. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "बाबा, किती?" ते म्हणायचे, "चार." पलीकडे एक क्षण काहीच नसायचं. मग ती म्हणायची, "बरं." आणि पुढे मुलांच्या गोष्टी, कोणी गांडूळ चड्डीच्या खिशातून आणलं, कोणी चुंबकाने मुख्याध्यापकांचं घड्याळ बंद पाडलं. तो मधला क्षण त्यांनी डोंगरातल्या नेटवर्कच्या खाती टाकला होता. थंडी सुरू झाली तशी तिला दर शनिवारी नाशिकला ट्रेनिंगला जावं लागू लागलं. आवाज जरा बारीक झाला. "सर्दी," ती म्हणाली. दिवाळीला आली तेव्हा बांगडी कोपरापर्यंत चढत होती. शोभा म्हणाली, "बारीक झालीस गं थोडी." थोडी. मैदानावरची नव्वद मुलं तेव्हाच गप्प बसलेली होती.

बनुबाई, रंगनाथची बायको, ओसरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वाळूचा ढीग पडला होता, गच्चीच्या कडेने लोखंडी सळया वर काढून ठेवल्या होत्या. "लई वाळला, सर," ती म्हणाली. "बाई खाया घालत न्हाईत का? का तुमीच त्या खरखरीवर पोट भरता? ताई सांगायची, बाबा जेवायचं इसरतील पन रेडू इसरायचे न्हाईत." आणि बोलता बोलता तिने पदर तोंडाला लावला. रंगनाथने घसा खाकरला. "चहा ठिव की," तो तिला म्हणाला. मग नृसिंहरावांकडे वळून, "ताईनं शेवटपातुर सांगू दिलं न्हाई आमाला. म्या म्हनलं, सरांना फोन लावतो. तर म्हनली, रंगनाथदादा, मी सांगते. मी आजच सांगणार हाय. आन् मग दुसऱ्या दिशी म्हनली, न्हाई जमलं."

हे रंगनाथ पहिल्यांदाच बोलत होता. नृसिंहरावांनी मान हलवली. शनिवारच्या ट्रेनिंगच्या नावाखाली ती जायची त्या नाशिकच्या दवाखान्यात तिला कायमचं ठेवून घेतलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, रक्ताचा आजार, आणि तेव्हा फारसे दिवस उरले नव्हते. मुलीने आपल्याला का सांगितलं नाही, हा प्रश्न त्यांनी वर्षभर शोभाला विचारला नव्हता आणि शोभाने त्यांना.

गच्चीवर ऊन होतं. डबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेला, वर एक फुटकं कौल पालथं घातलेलं. नृसिंहराव गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि छोटा रिसीव्हर चालू करून डब्याला टेकवूनच धरला. इतक्या जवळून हजारावा हिस्साही कानठळ्या बसवील. नाव आलं. पहिली रेघ. आतून बारीकशी टिक, पायरी बदलल्याची. दुसरी रेघ. टिक. तिसरी. टिक. आणि मग काहीच नाही. खरखरसुद्धा नीट नाही. मग पुन्हा टिक आणि शांतता. त्यांना जवळजवळ बरं वाटलं. सांधाच सुटला होता तर.

त्यांनी चारही स्क्रू काढले. आत मनवाचं काम होतं, तारा रंगांप्रमाणे बांधलेल्या, प्रत्येक पायरीसाठी रोधांची, म्हणजे शक्ती कमी करणाऱ्या बारक्या तुकड्यांची, एक ओळ. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीच्या जागी तांबं होतं. नुसतं तांबं, स्वच्छ, सोल्डरचा थेंबही कधी न लागलेलं. सुटलेलं काही नव्हतं, कारण जोडलेलं काही नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेला काळ्या पेनने दोन अक्षरं लिहिली होती. कोरी. री ची वेलांटी मागे फिरून को च्या डोक्यावर आलेली, लहानपणी होती तशीच.

हा शब्द त्यांचाच होता. ती पाच-सहा वर्षांची असताना भिंगारच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसवून ते तिला आयोडिन दाखवायचे. एका नळीत बटाटा, एकीत भात, एकीत साबुदाणा, आणि एकीत नुसतं पाणी. "ही कोरी," ते म्हणायचे. "हिच्यात काही घालायचं नाही." ती विचारायची, "मग ठेवायची कशाला?" "अगं, काही नसताना कसं दिसतं हे माहीत नको? नाहीतर आपल्याला जे हवंय तेच आपण सगळीकडे बघू." नळ्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम तिचं. तीन चिठ्ठ्या ती कशाही लिहायची. 'कोरी' मात्र जीभ बाहेर काढून.

तिने चौथी जागा कोरी ठेवली होती. पहिल्या दिवसापासून. आणि रोज विचारलं होतं, किती, 'तीन' या उत्तराची वाट पाहत.

ऊन टाकीच्या सावलीवरून सरकून त्यांच्या पाठीवर आलं. खालून बनुबाईने चहासाठी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली आणि आली नाही. एक संध्याकाळ त्यांच्यासमोर उभी राहिली होती, जी आजवर साध्या संध्याकाळींमध्ये मिसळून गेली होती. संक्रांतीनंतरची. मनवाने विचारलं, "बाबा, किती?" त्या दिवशी ते दमलेले होते, डोळे मिटायचेही राहून गेले, आणि ते म्हणाले, "तीनच." पलीकडे ती एकदम जवळ आल्यासारखी झाली, फोन कानाला घट्ट दाबल्यासारखी. "तीनच? नक्की, बाबा?" "हो गं. चौथी नाही आज." मग तिचा श्वास ऐकू आला. "बाबा, मग मला तुम्हाला एक सांगायचंय..." तिचा आवाज कापला होता. आपण तीन म्हणालो म्हणून पोरीचा हिरमोड झाला, असं त्यांना वाटलं. एवढ्या कष्टाने उभं केलेलं यंत्र. "थांब, थांब," ते घाईने म्हणाले, "पुन्हा फेरी येतेय बघ. एक. दोन. तीन. हं! आली. आली गं चौथी. मघाशी बाहेरून ट्रक गेला ना, म्हणून." आणि तो क्षण आला, ज्याला ते नेटवर्क म्हणत. त्या दिवशी जरा लांबला. मग ती म्हणाली, "बरं." आणि चुंबकाची की कसलीशी गोष्ट सांगितली, आणि ते पोट धरून हसले.

रंगनाथ चहाचा कप घेऊन वर आला. उघडा डबा पाहून थबकला. "बिगडलं का, सर?"

"नाही. बरोबर आहे सगळं. तिनं केलं होतं तसंच आहे."

"मग त्या शेडच्या पत्र्यावर लावू की. चार इटा ठिवतो खाली. ताईचं हाय, चालू ऱ्हाऊ द्या."

नृसिंहरावांनी चहा घेतला. थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला. शेडच्या पत्र्यावर डबा चालेल, पुढची दहा वर्षंसुद्धा चालेल, आपलं नाव सांगेल आणि विचारेल, किती. आता त्याचं उत्तर त्यांना येत होतं आणि ते ऐकणारं पलीकडे कुणी नव्हतं. "नको, रंगनाथ," ते म्हणाले. "झालं त्याचं काम."

त्यांनी घरी फोन लावला. शोभाने रिसीव्हरला कधी हात लावला नव्हता. त्या खरखरीत मला काही कळत नाही, म्हणायची. आज त्यांनी तिला खुर्चीत बसायला सांगितलं, डावीकडची खुंटी दाबायला सांगितली, मोठ्या खुंटीला हात न लावता फक्त थांब म्हणाले. फोनमधून आधी तिच्या बांगड्या आणि मग भिंगारच्या त्या खोलीतली खरखर आली. "काय ऐकायचं?" ती म्हणाली. "जे येईल ते. शेवटचं आहे. मग मी काढून आणतोय." "बरी आहे का तिची पेटी?" तिने विचारलं. "बरी आहे," ते म्हणाले.

नाव सुरू झालं. त्यांच्या हातातल्या रिसीव्हरमध्ये आणि फोनमध्ये, इथे मोठं आणि तिथे लांबून, एकाच वेळी. रंगनाथने नकळत टोपी काढली. पहिली रेघ. टिक. दुसरी. टिक. तिसरी. टिक. चौथीच्या कोऱ्या वेळात नृसिंहरावांनी बॅटरीची तार ओढून काढली. दिवा विझला. खाली वाळूच्या ढिगाजवळ कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी सळई आपटली, आणि हे सगळं त्यांना स्पष्ट, अगदी जसंच्या तसं ऐकू येत होतं.

"शोभा," ते म्हणाले. "किती आल्या?"

फोनमध्ये नुसती खरखर होती. तिने श्वास आत घेतलेला त्यांना कळला.

"चार," शोभा म्हणाली. "चौथी फार बारीक होती हो. पण आली."

त्यांनी तांब्याच्या त्या उघड्या जागेवर अंगठा ठेवला. एक क्षण गेला.

"बरं," ते म्हणाले.